कॉलेज बास्केटबॉलचा पंच व्हायचंय, पण नोकरीचं काय?

कल्याणच्या एका मुलाने विचारलंय. टीवायबीकॉमला आहे, तीन वर्षं कॉलेजकडून पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा) म्हणून खेळला, विद्यापीठाच्या संघात निवड झाली नाही. खेळ सोडवत नाही म्हणून पंच व्हायचंय. अमेरिकेत कॉलेज सामन्यांचे पंच त्यावर चांगली कमाई करतात असं त्याच्या वाचनात आलंय. तर मुंबईत हे करिअर म्हणून जमेल का, सुरुवात कुठून करायची, शिवीगाळ कशी झेलायची आणि चष्मा असला तर चालतो का, असे त्याचे प्रश्न. वडील म्हणतात, आधी बँकेच्या परीक्षा दे, मग काय ती शिट्टी वाजव.

वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते. मी मुंबईत कॉलेज, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहते आणि पोटासाठी एका सहकारी बँकेत नोकरी करते. म्हणजे तू म्हणतोस ते आणि तुझे वडील म्हणतात ते, दोन्ही माझ्याकडे आहे. म्हणून आधी सरळ सांगते, नुसत्या पंचगिरीवर मुंबईत घर चालत नाही. माझ्या ओळखीतले चांगले पंच बँकेत आहेत, रेल्वेत आहेत, शाळा-कॉलेजांत पी.टी. शिकवतात, कुणी घरचं दुकान सांभाळतात.

तरीही तुझा खरा प्रश्न 'पंचगिरी की नोकरी' असा आहे असं मला वाटत नाही. पंचगिरी शिकायला जी वर्षं लागतात ती ज्या नोकरीत मावतील, अशी नोकरी तू शोधणार का, हे तुला ठरवायचंय. नियम तीन-चार महिन्यांत पाठ होतात. कोणता धक्का फाऊल आणि कोणता खेळाचा भाग, हे डोळ्याला कळायला मात्र हंगामामागून हंगाम जावे लागतात आणि तेवढ्या काळात मानधन किरकोळच असतं. घरभाडं आणि हप्ते त्या मानधनावर टांगलेले असले की मुलं एक तर सोडून देतात, नाही तर आयोजक नाराज होणार नाहीत अशा शिट्ट्या मारायला लागतात. त्यातली दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण तो पंच पुढे कित्येक वर्षं कोर्टवर राहतो.

अमेरिकेचं आधी निकालात काढते. तिथे कॉलेज बास्केटबॉलला टीव्हीचा प्रचंड पैसा आहे, मार्च महिन्यातली एनसीएएची, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची, बाद फेरी अख्खा देश बघतो. वरच्या गटातले सामने करणाऱ्या पंचाला प्रत्येक सामन्याला चांगली रक्कम मिळते हे खरंच आहे. पण तो कुणाचा पगारी माणूस नसतो. कॉलेजांचे जे गट असतात, ज्यांना ते कॉन्फरन्स म्हणतात, त्यांच्याकडे पंचांना सामने वाटून देणारा एक जण असतो. त्याने सामने दिले तर पैसे, नाही दिले तर काही नाही. गुडघा दुखावला की हंगाम हातचा गेला. तिथलेही कितीतरी पंच इतर दिवशी दुसरं काम करतात आणि वरच्या गटापर्यंत पोचायच्या आधी शाळांचे, लहान कॉलेजांचे सामने करण्यात उमेदीची वर्षं घालवतात. शिडी तिकडेही लांबच आहे, फक्त तिच्या वरच्या टोकाला पैसा आहे आणि आपल्याकडे तो नाही.

याच ओघात एक सूचना. तिथले सामने जरूर बघ, पण त्यावरून नियम शिकू नकोस. तिथे पुरुषांचा कॉलेज सामना 20-20 मिनिटांच्या दोन अर्धांत होतो आणि शॉट क्लॉक, म्हणजे आक्रमणाला नेम मारायला मिळणाऱ्या वेळेचं घड्याळ, 30 सेकंदांचं असतं. एका अर्धात संघाचे सात फाऊल झाले की पहिला फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचा नेम, पडला तरच दुसरा मिळतो, दहाव्यापासून थेट दोन. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो. 10 मिनिटांची चार सत्रं, 24 सेकंदांचं शॉट क्लॉक, आणि सत्रात संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून सरळ दोन फ्री थ्रो. कॉलेजच्या मुलांनी रील बघून पंचांशी वाद घातला की त्यातले निम्मे वाद या फरकातून निघतात. खेळाडूचं डोकं असं गोंधळलेलं चालेल, तुझं चालणार नाही.

आता नोकरी. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे. घरची गरज किती, बहीण-भाऊ शिकतायत का, हे मला माहीत नाही, त्यामुळे हुकूम देत नाही, मी काय बघितलं ते सांगते. विद्यापीठाचे आंतरमहाविद्यालयीन सामने बहुतेक आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि दिवसाउजेडी असतात, कारण खेळाडू विद्यार्थी आहेत आणि कोर्ट कॉलेजांची आहेत. क्लबच्या स्पर्धा संध्याकाळी, दिव्यांच्या प्रकाशात. पहिल्यासाठी सुट्टी लागते, दुसऱ्यासाठी वेळेवर ऑफिस सुटणं. बँकेच्या परीक्षा देणार असशील तर एक गोष्ट लक्षात घे. क्लार्कची भरती राज्यवार होते, स्थानिक भाषा यावी लागते आणि माणूस सहसा राज्यात राहतो. पीओ, म्हणजे बँकेत अधिकारी, झालास तर पगार चांगला, पण बदली देशात कुठेही. सुरुवातीलाच तीन वर्षं भलत्या राज्यातल्या छोट्या गावात काढलीस, तर मुंबईच्या कोर्टवर घडायचं तुझं वय तिकडे जातं. मी क्लार्क हो म्हणत नाही, हा हिशेब आधी मांड एवढंच म्हणते. आयटीतल्या रात्रपाळीत दिवस मोकळा मिळतो असं वाटतं, पण झोप न झालेल्या माणसाचे डोळे चौथ्या सत्रात मागे पडतात. शाळेत किंवा कॉलेजात पी.टी. शिक्षक झालास तर खेळाच्या जवळ राहशील. मात्र पंचाचा दोन्ही संघांशी कसलाही संबंध नसावा असं नियमात स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे तुझ्या संस्थेचे सामने तुला कधीच घेता येणार नाहीत. आत्तासुद्धा तुझ्या कॉलेजच्या सामन्याला नेमणूक आली तर स्वतःहून नाही म्हण. मुंबईच्या बास्केटबॉलमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, कोण कोणाकडून खेळला हे लोकांच्या पक्कं लक्षात राहतं.

सुरुवात तुझ्या कॉलेजच्या जिमखान्यातूनच होईल. स्पोर्ट्सच्या सरांना सांग की तुला टेबलवर, म्हणजे गुण आणि घड्याळ सांभाळणाऱ्यांत, बसायचंय. तू कल्याणचा, म्हणजे ठाणे जिल्ह्याचा, तर नोंदणीसाठी जिल्हा बास्केटबॉल संघटनेकडे चौकशी कर, राज्य संघटनेच्या पंच परीक्षेची माहितीही तिथेच मिळेल. परीक्षेत लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष कोर्टवरचं काम बघतात, धावण्याची चाचणीही असते. पुस्तक फिबाचं, त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. त्यासोबत नियमांचं स्पष्टीकरण करणारी दुसरी पुस्तिका असते, तीही वाच. पहिली वाचून नियम कळतो, दुसरीतल्या उदाहरणांवरून तो कधी लावायचा ते कळतं.

टेबलचं काम मुलांना कमीपणाचं वाटतं आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. टेबलवर स्कोअरर, त्याचा मदतनीस, टायमर आणि शॉट क्लॉक चालवणारा असे चार जण असतात. लहान स्पर्धेत दोघांवरच सगळं भागवतात. एक हंगाम तिथे बस. बॉल रिंगला लागला आणि आक्रमण करणाऱ्या संघाकडेच परत आला तर घड्याळ 14 वर, बचाव करणाऱ्यांकडे गेला तर 24 वर, हे बोटाला आपोआप यायला लागलं की खेळाचा एक मोठा भाग तुझ्या अंगात शिरला असं समज. आणि टेबलवरून पंच कसा दिसतो ते कळतं. मुंबईच्या मोकळ्या कोर्टवर डीजे, भोंगे, पोरांचा ओरडा असताना पंचाने सांगितलेला नंबर कानाला ऐकूच येत नाही, हातावरूनच वाचावा लागतो. 23 नंबरचा फाऊल असेल तर आधी हाताची मागची बाजू टेबलकडे करून दोन बोटं, मग तळहात टेबलकडे करून तीन बोटं. 11 ते 15 साठी उजव्या हाताची मूठ आणि डाव्या हाताची बोटं. धावत धावत, हात अर्धवट उचलून कुणी हे दाखवलं की स्कोअरर भलत्याच मुलाच्या नावावर फाऊल लिहितो आणि तो मुलगा पाचव्या फाऊलवर विनाकारण बाहेर जातो. टेबलवर बसलेल्या माणसाला हे एकदा भोगावं लागलं की पुढे शिट्टी हातात आल्यावर तो टेबलसमोर थांबतो, श्वास घेतो आणि सावकाश नंबर दाखवतो.

शिट्टीबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगते. बिनगोटीची घे. फॉक्स 40 नावाने जी मिळते ती रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनेडियन पंचाने बनवली, 1987 मध्ये बाजारात आली. तो स्वतः अमेरिकेतल्या कॉलेज सामन्यांना उभा राहायचा आणि मोठ्या सामन्यात गोटी अडकून शिट्टी वाजलीच नाही, या अनुभवातून त्याने बिनगोटीची शिट्टी करायचं मनावर घेतलं. बाकी पोशाखात काळी लांब पँट, काळे मोजे, काळे बूट आणि पंचाचा शर्ट. बुटांवर पैसे खर्च कर, इतर कशावर नको. आपली बरीच कोर्ट सिमेंटची आहेत, दिवसाला तीन सामने केले की गुडघे बोलायला लागतात.

आता ज्यात सगळं मुरलंय त्या गोष्टीकडे येते: नजर कुठे ठेवायची. तू पॉइंट गार्ड होतास, म्हणजे तुझे डोळे बॉलमागे जायला तयार झालेत. ते मोडायला तुला सगळ्यात जास्त वेळ लागेल. कॉलेजच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना सहसा दोनच पंच असतात. एक बॉलच्या पुढे धावत जाऊन रिंगखालच्या रेषेवर उभा राहतो, तो लीड. दुसरा मागून येतो, तो ट्रेल. बॉल ट्रेलच्या बाजूला वर असताना लीडने बॉल बघायचाच नाही. त्याने बघायचं रिंगसमोरच्या चौकोनात, जिथे दोन धिप्पाड मुलं एकमेकांना ढुंगणाने रेटतायत, एकाने दुसऱ्याची जर्सी धरलीये, कोपर बरगडीत चाललंय. पाच मिनिटांनी जी मारामारी होते, तिची सुरुवात तिथे असते. दोघेही पंच बॉल बघत बसले तर तिची सुरुवात कुणालाच दिसत नाही, फक्त शेवटचा ठोसा दिसतो आणि ज्याने तो मारला तोच मुलगा बाहेर जातो.

धडक झाली की बचाव करणाऱ्याकडे बघ. ब्लॉक (चूक बचाव करणाऱ्याची) की चार्ज (चूक बॉल घेऊन घुसणाऱ्याची), याचं उत्तर त्याच्यात असतं. तो प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून आधी उभा राहिला का? एकदा ती जागा मिळवली की तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो, स्वतःच्या जागेत सरळ वर उडी मारू शकतो. त्याने पुतळ्यासारखं स्तब्ध असायला हवं, असं नियम कुठेही म्हणत नाही. माटुंग्याला एका उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला मी चार्ज दिला. बॉल घेऊन घुसलेल्या मुलाचे कोच थेट रेषेवर आले, "मॅडम, तो हलत होता! सगळ्यांनी बघितलं!" मी म्हटलं, "हलत होता, सर. मागे जात होता. तुमच्या मुलाचा खांदा त्याच्या छातीवर लागला." एवढंच, आणि मी पुढच्या जागेवर गेले. कोचना पटलं नाही, पण मी काय बघितलं ते त्यांना कळलं, आणि ते परत बाकावर जाऊन बसले. तू फक्त धडक बघितली असतीस तर तुझ्याकडे द्यायला उत्तरच नसतं. याला दोन पुरवण्या आहेत. नेम मारायला हवेत उडालेल्या खेळाडूपुढे नंतर येऊन उभं राहिलं तर ती जागा कायदेशीर नाही. आणि रिंगखालच्या 1.25 मीटरच्या अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या बचावपटूला, हवेतून आत येणाऱ्याविरुद्ध चार्ज मिळत नाही, समोरच्याने हाता-पायांचा गैरवापर केला नसेल तर.

ट्रॅव्हलिंगचंही, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकण्याचंही, तसंच, फक्त इथे नजर पायांवर. 2017 पासून फिबाने शून्य पावलाचा नियम आणला. पळता पळता बॉल पूर्ण ताब्यात आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर आहे तो शून्य, त्यानंतर दोन पावलं. उभ्या उभ्या बॉल मिळाला तर हे शून्य मिळत नाही. प्रेक्षकांतून 'स्टेप्स, स्टेप्स' ओरडणाऱ्या बऱ्याच जणांना अजून जुनाच हिशेब माहीत आहे. मैदानावर येऊन हे शिकायला जाऊ नकोस. मोबाईलवर स्वतःच्या मित्रांचे लेअप संथगतीने काढ आणि बॉल ताब्यात येतो तो क्षण ओळखायचा सराव कर, कारण चुकतो तो क्षण चुकतो, पावलं मोजायला सगळ्यांनाच येतात.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले तेव्हा मी जवळजवळ पूर्ण वेळ तिघा पंचांचे पाय बघत होते. नियम वेगळे, पण कुठून कुठे सरकतात, दोन खेळाडूंमधली फट दिसावी म्हणून एक पाऊल आत कसं येतात, हे टीव्हीवर दिसत नाही कारण कॅमेरा बॉलमागे असतो. तुला नागपाड्यात हे फुकट बघायला मिळेल. कल्याणहून फास्टने भायखळा, तिथून चालत. मस्तान वायएमसीए आणि आजूबाजूच्या त्या वस्तीने देशाला खेळाडू दिलेत, 1970 चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतासीर तिथलेच. तिथली गर्दी रेषेला चिकटून उभी असते आणि तिला खेळ कळतो. चुकीची शिट्टी वाजली की नुसता गोंगाट होत नाही, चूक काय झाली ते ओरडून सांगतात. शिकाऊ पंचाला अशी गर्दी मोठी देणगी आहे.

म्हणजे आत्तापर्यंतचा क्रम असा: जिमखाना आणि जिल्हा संघटना, एक हंगाम टेबल, मग राज्याची परीक्षा, आणि या सगळ्यासोबत बॉलवरून नजर काढायची सवय. नोकरी त्यालाच समांतर.

शिवीगाळीबद्दल तू जे विचारलंस ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण चांगली मुलं याच पायी सोडून जातात. पहिली गोष्ट, तुझा अधिकार कधी सुरू होतो ते ओळख. सामन्याच्या ठरलेल्या वेळेच्या 20 मिनिटं आधी पंच कोर्टवर येतो तेव्हापासून तो सुरू होतो. त्या 20 मिनिटांत निम्मी भांडणं टाळता येतात. मी दोन्ही कोचना नावाने भेटते, कॅप्टनांना समोर बोलावते, रेषेभोवती दोन मीटर जागा मोकळी करून घेते. दप्तरं, मोटरसायकली, रेषेवर पाय सोडून बसलेली पोरं, सगळं मागे. ऑगस्टमधल्या सामन्याला ओल पुसायला वायपर आणि गोणपाट आहे का ते बघते. पंच लवकर येऊन काम करतोय हे लोकांना दिसलं की पहिल्या शिट्टीला निम्मा विरोध कमी होतो. सोबतच्या पंचाशी बोलणंही याच वेळेत उरकायचं. रिंगसमोरची रेटारेटी कुठपर्यंत चालू द्यायची, शेवटच्या दोन मिनिटांत कोण काय बघणार, एकमेकांच्या निर्णयात कधी शिरायचं. दोन पंचांची मापं वेगळी असली की कोचला तक्रारीसाठी खरं कारण मिळतं.

दुसरी गोष्ट, प्रश्न आणि अपमान यांत फरक कर. "मॅडम, तिथे हात लागला होता, बघा ना" हा प्रश्न आहे, त्याला पुढच्या डेड बॉलला, म्हणजे खेळ थांबलेला असताना, एका वाक्यात उत्तर दे. हात उडवून प्रेक्षकांकडे बघत ओरडणं हा अपमान. त्यासाठी आधी शांतपणे ताकीद आणि तरी थांबलं नाही तर टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा फाऊल. त्यात एक फ्री थ्रो जातो आणि खेळ होता तिथून पुढे सुरू होतो, म्हणजे शिक्षा फार जड नाही. ती द्यायला घाबरू नकोस आणि रागाने देऊ नकोस. कोचच्या स्वतःच्या वर्तनाबद्दल दोन टेक्निकल झाले की त्याला बाहेर जावं लागतं, हे त्यालाही माहीत असतं, त्यामुळे पहिल्यानंतर बहुतेक जण सांभाळतात. प्रेक्षकांतल्या शिव्यांना उत्तर द्यायचंच नाही. त्या आयोजकांच्या अखत्यारीतल्या आहेत. हद्द ओलांडली तर खेळ थांबवून त्यांना बोलाव, गर्दी आवरेपर्यंत सुरू करू नकोस.

मी बाई म्हणून यात आणखी एक थर सोसला आहे. एका आयोजकाने मुलांच्या अंतिम सामन्याला मला उभं करायच्या आधी माझ्यासमोर माझ्या सोबत्याला विचारलं होतं, "मॅडमना झेपेल ना?" त्या सोबत्याने "तुम्हाला झेपेल का ते बघा, त्या कडक आहेत" असं उत्तर दिलं आणि विषय संपला. आज महाराष्ट्राच्या स्नेहल बेंडके फिबाच्या पंच म्हणून आंतरराष्ट्रीय सामने करतात, कॉलेजच्या मुलींना दाखवायला नाव आहे. तुझ्या कॉलेजात कुणी मुलगी टेबलवर बसायला तयार असेल तर तिलाही सोबत घेऊन जा. मुलींच्या सामन्यांना महिला पंच कमी पडतात, तिला काम तुझ्याआधी मिळेल.

सामना संपल्यावर खेळाडूंनी घेरलं तर थांबू नकोस. निकालावर हरकत असेल तर कॅप्टनने 15 मिनिटांच्या आत क्रू चीफला, म्हणजे मुख्य पंचाला, सांगून स्कोअरशीटवर ठरलेल्या जागी सही करायची, असा रस्ता नियमांनीच ठेवलाय, तेवढंच सांग. क्रू चीफची सही झाली की सामन्याशी तुमचा संबंध संपला. सहीच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये कुणी गैरवर्तन केलं तर मात्र शीटच्या मागे लिहायचं आणि अहवाल पाठवायचा. दबाव येतो, "मुलाचं वर्ष जाईल, जाऊ द्या मॅडम" म्हणतात. मी लिहिते. न लिहिलेली गोष्ट पुढच्या पंचाच्या अंगावर येते.

वर जायचे रस्ते आहेत. मुंबई विद्यापीठाची कॉलेजं मुंबई, ठाणे, पालघर, रायगडपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली आहेत, त्यामुळे कामाची कमतरता नाही. त्यापुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, 2020 पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, राष्ट्रीय महासंघाची परीक्षा, आणि अगदी थोड्यांच्या वाट्याला फिबाचा परवाना. तोही कायमचा नसतो, ठरावीक मुदतीने पुन्हा कमवावा लागतो आणि त्यात शिट्टीइतकीच धावण्याची परीक्षा असते. इथे वय आडवं येतं, म्हणून तिशीच्या आत परीक्षा देऊन ठेव. थ्री बाय थ्रीकडेही, म्हणजे तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलकडेही, लक्ष ठेव. 10 मिनिटं किंवा 21 गुण, 12 सेकंदांचं शॉट क्लॉक, अर्धं कोर्ट. टोकियो ऑलिम्पिकपासून त्याला मान मिळाला. मॉलच्या आवारात, कॉलेज फेस्टमध्ये या स्पर्धा होतात आणि एका दिवसात इतके सामने होतात की निर्णय पटकन घ्यायची सवय लागते. फक्त तिथली धक्काबुक्की जास्त चालू देतात, ते माप पाच-पाचच्या सामन्यात आणू नकोस.

वडिलांना काय सांगायचं? मला वाटतं, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर आणि त्याच आठवड्यात जिमखान्यात जाऊन टेबलसाठी नाव दे. दोन्ही एकदम चालू शकतं हे त्यांना एका हंगामात दिसेल. शक्य झालं तर एकदा सामना बघायला घेऊन ये. माझ्या वडिलांना मी काय करते ते कोर्टवर बघितल्यावर कळलं, घरी सांगून कधी कळलं नव्हतं.

चष्म्याने काही अडत नाही. मात्र आपल्याकडच्या दमट हवेत दुसऱ्या सत्रात काचा घामाने आणि वाफेने धुरकट होतात आणि पुसायला हात मोकळा नसतो. मानेमागून जाणारा रबरी पट्टा लाव, टेबलवर सुती रुमाल ठेव, टाइमआऊटला पुस. परवडलं तर सामन्यापुरत्या कॉन्टॅक्ट लेन्स वापर, पण पहिल्यांदा सामन्याच्या दिवशी घालू नकोस, आधी दोन-चार वेळा सरावाला घालून धाव. मोकळ्या कोर्टवर धूळ असते, म्हणून जुना चष्मा बॅगेत ठेवायचाच.